फुंकरीवरून रोगाची परीक्षा

आपण रात्रंदिवस श्वास घेतो आणि सोडतो. बाहेर टाकलेली हवा म्हणजे उच्छ्वास. ती वाया गेली असे आपल्याला वाटते, पण तिच्यात आपल्या शरीराची पुष्कळ माहिती असते.

प्रथम एक प्रयोग सांगतो. पेल्यात चुन्याची निवळी घ्यावी. पपईच्या पानाचा पोकळ देठ तिच्यात बुडवून हळूहळू फुंकावे. निवळी तोंडात जाऊ देऊ नये. थोड्याच वेळात ती दुधासारखी पांढरी होते. आम्ही वर्गात गुरुजींसमोर हे करून पाहिले. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वायूमुळे असे होते.

उच्छ्वासात पाण्याची वाफ असते आणि आणखी बरेच पदार्थ अगदी थोडे थोडे असतात. १९७१ साली लायनस पॉलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे सुमारे २५० पदार्थ असल्याचे दाखवले. ते रक्तातून फुप्फुसात येतात व हवेबरोबर बाहेर पडतात. म्हणून मधुमेह फार बळावला तर रोग्याच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो. दारू प्यालेल्या ड्रायव्हरला पोलीस यंत्रात फुंकायला लावतात, तेही याचमुळे.

आता विषाणूकडे वळू. करोनाचा विषाणू अंगात शिरला की पेशींच्या कामात फरक पडतो. त्यामुळे उच्छ्वासातील काही वायू कमीजास्त होतात. आपल्या नाकाला ते कळत नाही, यंत्राला कळते.

२०२० च्या सुरुवातीला नाकात काडी घालून घेतलेले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासायला पाठवत. त्यात वेळ जाई. पुढे अमेरिकेत फुंकरीचे यंत्र तयार झाले. १४ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या दिवशी, तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्याला तातडीच्या वापरासाठी परवानगी दिली. प्रवासातल्या बॅगेएवढे ते यंत्र उच्छ्वासातील पाच प्रकारचे पदार्थ तपासून तीन मिनिटांच्या आत उत्तर देई. नाकात काडी नको की रडणे नको!

पण ते नेहमी खरे सांगे का? २,४०९ लोकांवर त्याची परीक्षा झाली. मी त्याचे सोपे गणित केले. रोग असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ९१ जण यंत्राने बरोबर ओळखले. राहिले ९. रोग नसलेल्या १,००० जणांपैकी ९९३ जणांना त्याने बरोबर ‘नाही’ म्हटले. राहिलेल्या ७ जणांना उगीच ‘आहे’ म्हटले. म्हणून यंत्र ‘आहे’ म्हणाले तर दुसरी चाचणी करून खात्री करायची, असा नियम होता.

मला त्या ९ जणांची जास्त काळजी वाटते. यंत्र ‘नाही’ म्हणाले म्हणून ते खुशाल घरी जाणार. घरात म्हातारी आजी असेल, पाळण्यात बाळ असेल. त्यांना लागण झाली तर काय?

तेव्हा यंत्र कितीही हुशार असले तरी आपण काळजी सोडू नये. खोकला आला की तोंडावर रुमाल धरावा. ताप असेल तर शाळेत न येता डॉक्टरांना दाखवावे. आलेल्या पालकांनीही एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.

— इयत्ता ४ थी