सत्कारासाठी केलेलं तप आणि केलेल्या तपाचा सत्कार

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १४ ते १९



तप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एका पायावर उभा असलेला ऋषी येतो. या सहा श्लोकांत मात्र भगवंत शरीराचं, वाणीचं आणि मनाचं असं तीन प्रकारचं तप सांगतात. पुढे सांगतात की फळाची आशा न ठेवता श्रद्धेने केलेलं तप सात्त्विक. सत्कार व्हावा, मान मिळावा म्हणून केलेलं ते राजस, आणि ते टिकाऊ नसतं.

हा अठरावा श्लोक वाचला की एक प्रश्न हमखास येतो. मान मिळवण्यासाठी केलेलं काम राजस ठरत असेल, तर चांगलं काम करणाऱ्याचा गौरव करून आपण त्याला बिघडवतो का?

उदाहरण जरा लांबचं घेते, अमेरिकेतल्या सरकारी शाळांचं. तिथल्या मराठी घरांतली मुलंही याच शाळांत जातात. या शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ चालवतात, आणि देशभरात असे सुमारे १३,००० डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक ठिकाणी कारभार पाहणारं मंडळ लोकांनी निवडून दिलेलं असतं. पुष्कळ डिस्ट्रिक्टनी आपली मूल्यं लिहून ठेवलेली असतात: आदर, सचोटी, सहकार्य, सेवा असं काहीतरी. भिंतीवर ती छानच दिसतात. ती जगणारे कर्मचारी कोण हे शोधून मंडळाच्या खुल्या सभेत त्यांचा गौरव करायची पद्धतही अनेक ठिकाणी आहे.

आता पिवळ्या स्कूल बसची ड्रायव्हर घ्या. शेवटचं मूल उतरलं, बस डेपोत आली. अजून एक काम उरलंय. उठून शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, प्रत्येक बाकावर आणि बाकाखाली बघायचं. एखादं छोटं मूल झोपून राहिलं असेल तर? कितीतरी बसमध्ये मागच्या टोकाला एक बटण असतं, ते दाबल्याशिवाय अलार्म बंद होत नाही. पण बटण दाबायला मागे जाणं वेगळं आणि खरंच वाकून बघत जाणं वेगळं. ते दुसरं रोज दोनदा, वर्षानुवर्षं, रिकाम्या बसमध्ये कुणी बघत नसताना करायचं. सात्त्विक तपाचं याहून स्वच्छ उदाहरण मला तरी सुचत नाही.

किंवा कँटीनमध्ये जेवण वाढून पैसे घेणारी बाई. मुलाच्या खात्यात पैसे उरलेले नाहीत हे तिच्या स्क्रीनवर दिसतं. काही ठिकाणी अशा मुलाचं गरम ताट काढून घेऊन हातात थंड सँडविच द्यायचे, सगळ्या रांगेसमोर. २०१७ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने कायदा करून मुलांना असं लाजवणं बंद केलं. पण कायद्याच्या आधीही आणि नंतरही, त्या क्षणी ती बाई कोणत्या स्वरात बोलते यावर त्या मुलाचा दिवस ठरतो. पंधराव्या श्लोकात वाणीच्या तपाची पहिली अट हीच आहे, समोरच्याला उद्वेग न देणारं बोलणं.

अशा शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी तिथे २०१९ मध्ये कायदा करून ‘राइज’ हा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. ड्रायव्हर, स्वयंपाकघर, सफाई, सुरक्षा, ऑफिस हे सगळे त्यात येतात. राज्याचे गव्हर्नर नावं पाठवतात.

आपल्याकडे राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून आहे, पण तो शिक्षक-मुख्याध्यापकांचा. २०१८ पासून त्यासाठी शिक्षक स्वतःच ऑनलाइन नामांकन भरतात. याची चांगली बाजू म्हणजे साहेबांच्या मर्जीबाहेरचा शिक्षकही पोचू शकतो. तरी स्वतःच्या तपाची फाईल स्वतःच लावायची म्हटलं की अठरावा श्लोक आठवतोच. आणि शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना ही फाईलसुद्धा नाही. त्यांना मिळतं ते ‘मानधन’. २००९ पासून केंद्राचा निकष महिना १,००० रुपये, वर राज्य काय घालेल ते. शब्दात मान आहे खरा!

परत प्रश्नाकडे येऊ. अठरावा श्लोक हा काम करणाऱ्याला दिलेला इशारा आहे. बघणाऱ्याने गप्प राहावं असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. बघणाऱ्यासाठी पंधरावा श्लोक आहे: बोलणं सत्य हवं, प्रिय हवं आणि हितकर हवं. गौरवाचं भाषण या तीन चाळण्यांतून काढून बघा. ‘अत्यंत मेहनती आणि हसतमुख व्यक्तिमत्त्व’ हे प्रिय आहे, पण त्यात सत्य किती? ते कुणाबद्दलही म्हणता येतं. ‘बसमध्ये विसरलेलं दप्तर ती स्वतः घरी नेऊन देते’ हे सत्य आहे, कारण कुणीतरी ते पाहिलंय. तिसरी चाळणी सगळ्यात बारीक. प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला, आणि ड्रायव्हरची जागा भरली नाही म्हणून तिला दोन फेऱ्या जास्त माराव्या लागतायत ते तसंच राहिलं, तर त्या गौरवात हित कुठे आहे?

म्हणून मला वाटतं, गौरव करणं हेही तपच आहे, वाणीचं. आणि तेही राजस होऊ शकतं. सत्कार समारंभात मंचावर सत्कारमूर्तीपेक्षा पाहुणेच जास्त असतात, ते पाहिलंच असेल तुम्ही.

आजची साधना : तुमच्या जुन्या शाळेतली, शिक्षक नसलेली एक व्यक्ती आठवा. शिपाईकाका, मावशी, व्हॅनवाले, कुणीही. त्यांनी केलेली एकच गोष्ट चार ओळींत लिहा, विशेषणं न वापरता. स्टोरीवर टाकू नका. शाळेच्या मुख्याध्यापकांना पाठवा, आणि त्या व्यक्तीचा नंबर मिळाला तर तिला फोन करून वाचून दाखवा.

उद्या श्लोक २० ते २२, दानाबद्दल.