सोळा मिनिटांचा एक फोटो

गेल्या डिसेंबरात एका माजी विद्यार्थ्याने आपल्या फोटोग्राफी क्लबकडे चार दिवसांसाठी त्याचा पेन्टॅक्स ६४५झेड ठेवला. मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा. पाहिल्यावर सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया एकच, "हा कॅमेरा आहे की पाटा?" नुसती बॉडीच दीड किलो. त्या चार दिवसांत अमावास्येची रात्र एकच होती, आणि होस्टेलचं गेट दहाला बंद. डिसेंबरात रत्नागिरीत सूर्य सहानंतर पाचेक मिनिटांनी मावळतो, पण आकाश पूर्ण काळं व्हायला आणखी सव्वा तास जातो. म्हणजे हातात जेमतेम दोन तास, आणि आम्हाला काढायचे होते पाव पाव तासाचे फोटो. त्यामुळे भाट्याला जाण्याआधी वहीवर गणितं करणं भाग पडलं. तीच इथे देतो. ज्यांना गणिताचं वावडं आहे त्यांनी वाळूपासून पुढे वाचावं.

आधी "मीडियम फॉरमॅट" म्हणजे काय ते. नावातला ६४५ हा आकडा १२० फिल्मवरच्या ६ बाय ४.५ सेंटिमीटर फ्रेमचा. डिजिटलमध्ये तो आकार पुरता उतरलेला नाही. ६४५झेडचा सेन्सर ४३.८ बाय ३२.८ मिलिमीटरचा आहे. तरी तो नेहमीच्या फुल फ्रेमच्या (३६ बाय २४) सुमारे पावणेदोन पट, आणि आपल्या क्लबातल्या साध्या डीएसएलआरच्या जवळजवळ चौपट होतो. त्यावर ५ कोटींहून जास्त पिक्सेल, प्रत्येक साधारण ५.३ मायक्रॉनचा.

पिक्सेल म्हणजे पागोळ्यांखाली मांडलेल्या बादल्या समजा. शटर उघडं असेपर्यंत प्रकाश पडतो, इलेक्ट्रॉन साठतात. वेळ दुप्पट केला की पाणी दुप्पट. फिल्मचं तसं नव्हतं. लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म आळसावायची आणि हिशोबापेक्षा जास्त वेळ द्यावा लागायचा. डिजिटलमध्ये हा त्रास नाही, म्हणून आमचं पहिलं गणित सोपं झालं. आयएसओ ६४०० वर १५ सेकंदांचा चाचणी फोटो काढायचा. उजेड बरोबर वाटला तर आयएसओ १०० साठी ६४ ने गुणायचं. १५ गुणिले ६४ म्हणजे ९६० सेकंद, म्हणजेच १६ मिनिटं. चाचणी पाव मिनिटात होते, चुकलं तर पुन्हा करता येते.

आता भानगड अशी की बादलीवरचं छप्परही गळतं. सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन उजेड नसतानाही नुसत्या उष्णतेने उडी मारतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींना १.१ ईव्हीची बँड गॅप आठवत असेलच. यालाच डार्क करंट म्हणतात आणि तो साधारण दर ६ ते ८ अंशांना दुप्पट होतो. एखाद्या थंड देशातल्या ५ अंशांच्या रात्रीपेक्षा आपल्या मे महिन्यातल्या २६ अंशांच्या रात्री ही गळती सुमारे आठपट! जुन्या मीडियम फॉरमॅट बॅकमध्ये सीसीडी सेन्सर असायचे. त्यांतल्या बहुतेकांची मजल एखाद्या मिनिटापलीकडे जात नसे. फेज वनच्या पी४५ प्लसने तासाभराचं एक्स्पोजर दिलं म्हणून त्याचं एवढं कौतुक झालं. २०१४ पासून सीमॉस सेन्सर आले आणि गळती बरीच आटोक्यात आली, पण बंद झालेली नाही. आयुकाच्या गिरवली वेधशाळेतला सीसीडी द्रव नायट्रोजनने थंड करतात. आपल्याकडे द्रव नायट्रोजन नाही, डिसेंबर आहे. मे ते डिसेंबर सहा-सात अंश उतरले, गळती निम्मी झाली.

उरलेल्या गळतीवर उपाय म्हणजे डार्क फ्रेम. लेन्सवर टोपी घालून तेवढ्याच वेळाचा, तेवढ्याच तापमानाला एक काळा फोटो काढायचा. त्यात फक्त गळती उतरते. ती मूळ फोटोतून वजा करायची. कॅमेरा हे आपणहून करतो, पण प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ खातो. १६ मिनिटं फोटो, १६ मिनिटं नुसतं थांबणं. ताऱ्यांच्या रेषाही मध्ये तुटतात. म्हणून ती सोय बंद ठेवून आम्ही लागोपाठ तीन फोटो आणि शेवटी एकच डार्क फ्रेम, असा बेत केला. चार सोळं चौसष्ट मिनिटं.

दोन फोटोंमध्ये एक सेकंद गेला तर रेषेत फट दिसेल का? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आमच्या ५५ मिलिमीटर लेन्समागे तारा सेन्सरवर सेकंदाला जास्तीत जास्त ४ मायक्रॉन सरकतो. पिक्सेल ५.३ चा, म्हणजे फट पिक्सेलपेक्षाही लहान. चालेल! हेच गणित उलट फिरवलं की एक गंमत कळते. "५०० भागिले फोकल लेंग्थ" हा प्रसिद्ध नियम या कॅमेऱ्याला साडेअकरा सेकंद देतो, पण तेवढ्यात तारा नऊ पिक्सेल पळालेला असतो. इतक्या बारीक पिक्सेलवर ठिपक्यासारखे तारे हवे असतील तर चार-पाच सेकंदांच्या वर जाऊ नये. माझ्या मते या कॅमेऱ्याने ठिपक्यांच्या मागे लागूच नये. सरळ रेषा काढाव्यात.

आता वाळू. भाट्याच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे तोंड केलं की खाडीपलीकडे मांडवी आणि डाव्या अंगाला रत्नदुर्ग, दीपगृहासकट. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच, म्हणजे १७ अंश वर. हात लांब करून एक मूठ आणि तिच्यावर तीन-चार बोटं ठेवलीत की सापडतो. फोकस तिन्हीसांजेलाच दीपगृहावर करून रिंगवर चिकटपट्टी लावली.

खरा धोका समुद्राचा. कोकणात भरतीचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. अमावास्या म्हणजे १५, त्याचे पाऊण सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराला उधाणाची भरती, म्हणजे आमचे दोन्ही तास पाणी चढतच राहणार. ट्रायपॉड ओल्या वाळूत रुततो आणि १६ मिनिटांत दोन मिलिमीटर रुतला तरी फोटो गेला. यावर मेसच्या मावशींनी युक्ती सांगितली. नारळाच्या करवंट्या पालथ्या घालून त्यांवर पाय टेकवायचे. इतका बिनखर्चाचा फाउंडेशन इंजिनिअरिंगचा धडा मी दुसरा पाहिला नाही. दीपगृहाचा झोत मात्र फिरून फिरून एकाच जागी साठतो. तेवढ्यापुरता काळा पुठ्ठा लेन्सच्या त्या कोपऱ्यासमोर धरून हलवत राहायचा, लेन्सला न लावता. ४८ मिनिटं आळीपाळीने चौघांनी धरला.

तिसरा फोटो संपला तेव्हा लाट करवंट्यांपासून चार हातांवर होती. पण डार्क फ्रेमला समोर काही दिसायला लागतच नाही! टोपी घातली, कॅमेरा उचलून सुरूबनात नेला आणि शेवटची १६ मिनिटं तिथे काढली. हवा तीच, तापमान तेच. लेन्सवर दव आणि खार दोन्ही बसलं होतं, ते परतल्यावर किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसलं. कोरड्या फडक्याने खार पुसू नये, काचेवर ओरखडे येतात.

तिन्ही फोटो जोडल्यावर ध्रुवाभोवती १२ अंशांच्या कमानी आल्या, लाटांचं धुकं झालं आणि मिरकरवाड्याहून निघालेल्या एका बोटीची पिवळी रेघ फोटोच्या मधोमध आली. काहीजण म्हणाले ती काढून टाक. मी ठेवली. पूर्ण रिझोल्यूशनला प्रिंट साडेसत्तावीस इंच रुंद निघते आणि तिच्यात मांडवीचे दिवे सुटे सुटे मोजता येतात. त्या दिव्यांच्या वरचं आकाश मात्र नारिंगी आहे, तारे तिथे बुडालेत. त्याला कॅमेऱ्याचा इलाज नाही. पेंचला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं, तसा अंधार भाट्याला मिळणार नाही.

पुढच्या खेपेला शुद्ध अष्टमी गाठायचा विचार आहे. आठाचे पाऊण सहा, म्हणजे अंधार पडेपर्यंत पाणी उतरायला लागलेलं असेल. अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत वर असतो, त्याच्या उजेडात वाळू दिसेल. ज्यांना यायचं असेल त्यांनी लाल कागद लावलेला टॉर्च आणि दोन करवंट्या आणाव्यात.