बीएस्सीनंतर इंटर्नल ऑडिट? जरूर, पण असं

‘मुलगी केमिस्ट्रीत बीएस्सी. तिला डेबिट-क्रेडिट कुठून येणार?’ इंटर्नल ऑडिटचं नाव काढलं की पालकांची पहिली शंका हीच असते. शंका रास्त आहे, पण अर्धीच. हिशेब लिहिणं हे ऑडिटरचं काम नव्हे. लिहिलेलं आणि घडलेलं जुळतं का, हे त्याला पाहायचं असतं.

औषध कंपनीतली एक नेहमीची तपासणी घ्या. एचपीएलसी या रासायनिक विश्लेषणाच्या यंत्राच्या ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदीत, एकच नमुना तीनदा तपासलेला दिसतो. नोंदवहीत मात्र एकच, पास झालेला निकाल. आधीचे दोन कुठे गेले? हा प्रश्न केमिस्ट्री शिकलेल्याला चटकन सुचतो.

म्हणूनच सुरुवात आपल्या विषयाजवळून करावी. औषध किंवा खाद्यपदार्थ कंपन्यांचे क्यूए (गुणवत्ता हमी) विभाग, चाचणी प्रयोगशाळा, आयएसओ प्रमाणित कारखाने इथे अंतर्गत ऑडिट नियमित होतं. गणित, संख्याशास्त्र, कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना बँका आणि आयटी ऑडिट जवळचं.

बँकेतलं उदाहरण घ्या. पंजाब नॅशनल बँकेने फेब्रुवारी 2018 मध्ये मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतला सुमारे 11,400 कोटी रुपयांचा गैरव्यवहार जाहीर केला. हमीचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या संदेश यंत्रणेवरून परदेशी शाखांना जात होते, पण स्विफ्ट बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीशी (कोअर बँकिंग) जोडलेलं नव्हतं. त्यामुळे बँकेच्या हिशेबात ते उमटतच नव्हते. स्विफ्टचे संदेश आणि बँकेच्या नोंदी अशा दोन याद्या शेजारी ठेवून तफावत शोधणं हे डेटा हाताळता येणाऱ्याचं काम आहे.

आता कायदा काय म्हणतो? कंपनी कायदा 2013 च्या कलम 138 नुसार इंटर्नल ऑडिटर सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा संचालक मंडळ ठरवेल असा अन्य व्यावसायिक असू शकतो. प्रत्यक्षात वित्तीय ऑडिटसाठी कंपन्या सहसा सीएलाच पसंती देतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

ज्यांना त्याच बाजूला जायचं आहे, त्यांना पदवीला 60 टक्के असतील तर सीए इंटरमिजिएटला थेट प्रवेश मिळतो. दुसरी वाट सर्टिफाइड इंटर्नल ऑडिटर, म्हणजे सीआयए. ही तीन भागांची जागतिक परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली आहे. प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, तो परीक्षेनंतरही पूर्ण करता येतो.

या नोकरीत फिरती असते आणि लिखाण भरपूर. काय आढळलं, नियम काय होता, कारण काय, परिणाम काय, उपाय काय, हे नेमक्या शब्दांत मांडावं लागतं. ज्याला प्रॅक्टिकलचं जर्नल लिहायचा कंटाळा, त्याने दोनदा विचार करावा.

पालकांनी सीआयएचं शुल्क भरण्याची घाई करू नये. मुलांनी आधी एक्सेल आणि एसक्यूएल शिकावं, बेसिक अकाउंटिंग पक्कं करावं आणि एखाद्या सीए फर्ममध्ये किंवा क्यूए विभागात काही महिने काम करून पाहावं.