मानेतली पाईपलाईन

लोणी काळभोरच्या तेल डेपोवरून जाताना आपण पाईप गंजण्याच्या गप्पा मारतो. माझ्या मामांच्या मानेतला पाईप मात्र उपचारांनीच अरुंद झाला.

तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर. रोज २ ग्रे, आठवड्याला ५ दिवस, एकूण ६६ ग्रे किरणं. कॅन्सर गेला. नऊ वर्षांनी उजव्या हातातून चहाचा कप निसटला, जीभ अडखळली. मेंदूला रक्त नेणारी डावी कॅरोटिड धमनी चोंदत आली होती.

किरणं गाठ आणि धमनी असा भेद करत नाहीत. धमनीचं आतलं गुळगुळीत अस्तर दुखावतं, सुजतं. तिथे चरबी साचते. शिवाय मोठ्या धमनीच्या भिंतीलाही स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या असतात (हे मला ठाऊकच नव्हतं!). त्या बुजल्या की भिंत उपाशी राहते, कडक तंतू वाढतात, लवचिक नळी ताठ होते.

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण शिकलो, त्रिज्या निम्मी झाली की त्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा. पण मेंदू दुसऱ्या वाटांनी रक्त मिळवतो, म्हणून वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही. मानेच्या डॉपलर सोनोग्राफीत दिसतं. सुई नाही, दुखत नाही. घरी कुणी मानेला किरणं घेतली असतील तर डॉक्टरांना जरूर विचारा.

किरणं चुकली असं मामा म्हणत नाहीत. ती घेतली नसती तर ती नऊ वर्षं कुठली?