अनामतीचा परतावा : लेखी नोंद हीच हमी

बदलीचा हुकूम हाती पडला की शिक्षकास वा कर्मचाऱ्यास नव्या गावी घर शोधावे लागते. तेथे अनामत मागितली जाते. जुन्या घराची अनामत मात्र रंगरंगोटीच्या किंवा दुरुस्तीच्या नावाखाली अडकून पडते. काटकसरीने साठविलेला हा पैसा परत मिळण्याची तजवीज घर घेतानाच करावयाची असते.

दि. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ज्या क्षेत्रांस लागू आहे, तेथे कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

करारात अनामतीची रक्कम, परतीची मुदत व कपातीची कारणे स्पष्ट असावीत. रक्कम बँकेमार्फत द्यावी अथवा पावती घ्यावी. घरात येताना व सोडताना भिंती, नळ, दिवे यांची स्थिती नोंदवून उभयतांनी सह्या कराव्यात. नित्य वापराची झीज कोणती आणि मोडतोड कोणती, हे त्यावरून ठरविता येते. देयके चुकती करून किल्ली सोपविताना अनामत मागून घ्यावी.

रक्कम मिळेपर्यंत घर अडवून धरणे मात्र हिताचे नाही. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहते घर न सोडल्यास कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. वाद उद्भवलाच, तर कागदच साक्ष देतो.