पन्नाशीनंतरचा एच.आय.व्ही. रुग्ण : तपासणी आणि आपली जबाबदारी

भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून ए.आर.टी. औषधे विनामूल्य मिळू लागली. त्या काळी तिशी-पस्तिशीत उपचार सुरू केलेले अनेक रुग्ण आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. विषाणू आटोक्यात असला तरी दीर्घकालीन दाह आणि औषधांचे परिणाम यांमुळे हृदयरोग, वृक्कविकार व अस्थिक्षय यांचा धोका त्यांना अधिक असतो. सांधेदुखी, दौर्बल्य, विस्मरण अशा तक्रारी घेऊन ते आपल्याकडे येतात. ही केवळ जरेची लक्षणे मानणे योग्य नव्हे. आधी परीक्षा, मग औषध, हा चरकाचार्यांचा उपदेश येथे विशेषत्वाने लागू पडतो.

आवश्यक तपासण्या : रक्तदाब, वजन, रक्तशर्करा व रक्तातील मेद यांची नोंद नियमित ठेवावी. टेनोफोविर घेणाऱ्यांत क्रिएटिनीन व मूत्रातील प्रथिने तपासावीत. अस्थिघनतेकडेही लक्ष द्यावे. डोल्युटेग्रावीरमुळे वृक्कहानी नसतानाही क्रिएटिनीन किंचित वाढते, म्हणून जुना अहवाल जवळ ठेवून तुलना करावी. खोकला, ज्वर, वजन घटणे व रात्री घाम येणे यांविषयी प्रत्येक भेटीत विचारावे. यांपैकी एक लक्षण आढळले तरी क्षयरोगाच्या तपासणीस पाठवावे. बाधित स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो, त्यामुळे ती तपासणी टाळू नये. निद्रा, स्मृती व मनःस्थिती यांचीही विचारपूस करावी.

भस्मे देताना : कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम हे डोल्युटेग्रावीरशी बद्ध होऊन त्याचे शोषण घटवतात. शंख, प्रवाळ, लोह, मंडूर व यशद भस्मांत यांपैकीच घटक असतात. म्हणून डोल्युटेग्रावीर अशा औषधांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावे, हा नियम भस्मांनाही लावणे सुरक्षित होय. आम्लपित्तावरील औषध मागणाऱ्यास औषधविक्रेत्यांनीही ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ असे अवश्य विचारावे.

हा प्रश्न चारचौघांत मात्र विचारू नये. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्यानुसार रुग्णाच्या संमतीविना त्याची बाधित स्थिती उघड करता येत नाही. गोपनीयतेचा विश्वास वाटला तरच रुग्ण ए.आर.टी.चे नाव सांगतो. न सांगितल्यास आपलेच औषध त्याच्या उपचाराच्या आड येऊ शकते. ए.आर.टी. बंद करण्याचा सल्ला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. शंका असल्यास रुग्णाच्या संमतीने ए.आर.टी. केंद्राशी संपर्क साधावा.