पाळीच्या पुढचा प्रश्न

१. गर्भाशय काढायला शिकलेले रेसिडेंट ‘संबंधाच्या वेळी दुखतं का?’ एवढं विचारताना केसपेपरात डोकं घालतात. म्हणून हा प्रश्न मी रोजच्या रांगेतच बसवून दिलाय: पाळी वेळेवर येते का, अंगावरून पांढरं जातं का, संबंधाच्या वेळी दुखतं का. एका दमात, एकाच सुरात. बायका उत्तर देतात. लाज बहुधा टेबलाच्या आपल्याच बाजूला असते.

२. सासूबाईंना बाहेर बसवायचं. एकीच्या नव्हे, सगळ्यांच्याच. सरसकट नियम असला की कुणाला संशय येत नाही.

३. ‘मॅडम, पेशंटची तशी काही तक्रारच नव्हती.’ यावर माझ्याकडे गडचिरोलीचं उत्तर आहे. राणी आणि अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तक्रार नव्हती, की कुणी विचारलंच नव्हतं?

४. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली मुलगी ‘मूल होत नाही’ म्हणून येते. टेबलावर घेतलं की मांड्या घट्ट आवळते, कंबर वर उचलते. रेसिडेंट लिहितो, ‘पेशंट सहकार्य करत नाही’. ते वाक्य मी खोडायला लावते. योनीभोवतीचे स्नायू आपोआप आखडतात, तिच्या हातात ते नसतं. नवऱ्याशी संबंध झालेलाच नसतो. अशा वेळी पहिल्या दिवशी स्पेक्युलम ट्रेमध्येच राहू द्यायचा. आकृती काढून समजवायचं, श्वास सोडत स्नायू सैल करायला शिकवायचं, मग सगळ्यात बारीक डायलेटर, तोही तिच्याच हातात. काही आठवडे लागतात, कधी काही महिने. ‘एक मूल झालं की सगळं ठीक होईल’ हा सल्ला माझ्या ओपीडीत चालत नाही. (मूल होणार कसं, हे सल्ला देणाऱ्याने सांगावं!)

५. पाळी गेलेल्या बाईलाही विचारा. कोरडेपणावर इस्ट्रोजेनचं मलम असतं. स्तनाच्या कर्करोगाची हिस्टरी मात्र आधी घ्या.

६. बलात्कार-पीडितेची टू-फिंगर टेस्ट करणं हे गैरवर्तन, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ ला बजावलं. तरी ती शिकवणाऱ्या जुन्या नोट्सच्या झेरॉक्स हॉस्टेलवर फिरतच असतात. दिसल्या की मी मागून घेते.

७. ‘आम्हाला बायका सांगतील का?’ मुलगे विचारतात. सिस्टरना सोबत उभं करा, दार लावा आणि विचारा. सांगतात.